न वाचलेल्या पुस्तकाची चिठ्ठी

पुस्तकांवर मत देणाऱ्या माणसाने ती पुस्तकं वाचलेली असतात, अशी लोकांची एक भाबडी समजूत आहे. डहाणूत ती समजूत मी चार वर्षं जपली. आता मोडतो. कारण एक माणूस गेला आणि त्याच्या जाण्यात माझ्या हस्ताक्षरातल्या चार ओळींचा वाटा आहे.

आधी माझी वाचनपद्धत सांगायला हवी. मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच बाहेर पडलो, मध्ये खुर्चीचं नाव तेवढं दोनदा बदललं. फाईल वाचायची माझी एक रीत होती. पहिलं पान वाचायचं, म्हणजे अर्जदाराला काय पाहिजे ते कळतं. शेवटची टिपणी वाचायची, म्हणजे आधीच्या माणसाने काय म्हटलंय ते कळतं. मधली पानं अंगठ्याखालून सर्रकन सोडायची. मग खाली लिहायचं, ‘पाहिले. हरकत नसावी.’ या रीतीवर मी नोकरी काढली, पेन्शन मिळवली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. निदान मला तसं कुणी कळवलं नाही.

निवृत्त झाल्यावर वाचनालयात जायला लागलो. आमचं वाचनालय म्हणजे स्टेशनकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गाळ्याच्या वरची खोली. खाली चिकूच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या असतात, वर आम्ही. ते चालवतात एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाईच म्हणतात. बाईंनी एक नियम केला होता: पुस्तक परत करताना अभिप्रायाची चिठ्ठी लिहायची. ती चिठ्ठी बाई पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवणार, तिचा फोटो वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार आणि मगच दुसरं पुस्तक देणार. चिठ्ठी नाही तर पुस्तक नाही. घरपोच गॅस मिळावा तसे लोक पुस्तकं नेतात, म्हणायच्या, वाचतो कोण?

हा नियम माझ्यासारख्यासाठीच केला होता आणि त्यात सगळ्यात छान बसलो मीच. पहिली वीस पानं, शेवटचं प्रकरण, खाली झोकात चिठ्ठी. आठवड्याला दोन पुस्तकं. ग्रुपवर अंगठे यायला लागले. ‘काका, काय लिहिता!’ असं एका बँकेतल्या मुलीने लिहिलं, तेव्हा मी ते बायकोला चष्मा लावायला लावून दाखवलं.

अपघात झाले नाहीत असं नाही. एका रहस्यकथेवर लिहिताना मला फक्त शेवट माहीत होता, म्हणून मी शेवटच लिहिला. खून दिराने केला, हे चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीत होतं. पुढे वर्षभर ते पुस्तक कुणी उचललं नाही. तीन पिढ्यांची एक जाडजूड कादंबरी होती. तिच्यातल्या आजोबांचा शेवटपर्यंत टिकलेला ताठ कणा मला फार भावला असं मी लिहिलं. बाईंनी मला बाजूला घेतलं.

“आजोबा नव्वदाव्या पानावर वारतात. शेवटी आहे तो नातू. त्याला आजोबांचं नाव ठेवलंय.”

“बाई, ते विचारांनी जिवंत आहेत.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्या दिवशी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण दोष त्यांच्यावर ढकलायचीही माझी कचेरीतलीच सवय.

आता मास्तरविषयी. एस.टी.च्या कंडक्टरला आमच्या भागात मास्तर म्हणतात, शाळेशी त्याचा संबंध नाही. हा माझा शाळेपासूनचा मित्र. डहाणू ते तलासरी, व्हाया गंजाड, चारोटी, या रस्त्यावर त्याने अर्धं आयुष्य उभ्याने काढलं. घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यावर. भात, थोडी नाचणी, पुढे अंगण, अंगणात वहिनी. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी तो बसने डहाणूला यायचा. दोन कामं असायची. मेडिकलमधून साखरेच्या गोळ्या आणि इंजेक्शन घ्यायचं आणि वाचनालयात डोकावायचं, पुस्तक संपलं असेल तर बदलायचं. मग आम्ही डेपोसमोर बसून बटाटेवडे खायचो. तो बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि मला शिव्या घालायचा.

मास्तर माझ्या उलट. हळू वाचायचा, ओठ हलवत. एक कादंबरी दोन महिने, पण पहिल्या पानावरच्या किमतीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. खुणेला जुनं तिकीट ठेवायचा. आणि मतं अशी द्यायचा, की ती मी न सांगता माझ्या चिठ्ठीत घालायचो. मध्यंतरी एक गाजलेली कादंबरी आली होती. शहरातला चित्रकार मनःशांती शोधत आमच्यासारख्याच कुठल्याशा पाड्यावर येतो. त्यातली पाड्यावरची माणसं पानोपानी आकाशाकडे बघत गप्प बसलेली असतात. मी लिहिलं होतं, ‘मौनाचं महाकाव्य’. मास्तरने ती दोन महिन्यांनी परत आणली.

“साहेब,” तो मला चिडवायला साहेब म्हणायचा, “अडीचशे पानं झाली, एकाचीही बस चुकली नाही.”

“म्हणजे?”

“पाड्यावरची माणसं आणि बस चुकत नाही? लिहिणारा स्वतःची गाडी घेऊन आला असणार. आणि आकाशाकडे कसले बघतात रे? आम्ही बघतो ते मोबाईलला रेंज येते का म्हणून.”

मराठी कादंबरीवर एवढी खरी टीका मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

प्रेरणादायी पुस्तकांवर मात्र आमचं एकमत होतं. एकात पहाटे पाचला उठणाऱ्याचं आयुष्य कसं पालटतं ते दोनशे पानं सांगितलं होतं. मास्तर म्हणाला, “आमच्या पाड्यावरची अर्धी माणसं चारला उठतात. कंपनीच्या टेम्पोत उभी राहून गुजरातच्या हद्दीत कामाला जातात. पालटलं असतं तर एव्हाना पालटून झालं असतं.” आम्ही हसलो. मी ते चिठ्ठीत घातलं नाही, कारण अशा पुस्तकाच्या चिठ्ठीला अंगठे कौतुकाला येतात, थट्टेला नाहीत.

आणि मग ते पुस्तक आलं. आजाराशी मनाने कसं लढावं, असा त्याचा विषय. पुठ्ठ्यावर उगवता सूर्य. मी वीस पानं वाचली. त्यात रोज सकाळी डोळे मिटून शरीराच्या एकेका भागाला ‘तू बरा आहेस’ असं सांगायचं होतं. मग शेवटचं प्रकरण वाचलं. त्यात सगळे बरे झाले होते. मध्ये काय झालं हे बघायची मला गरज वाटली नाही.

त्या दिवसांत बाईंनी ग्रुपवर लिहिलं होतं की नुसती स्तुती नको, स्वतःचा अनुभव लिहा. बँकेतल्या मुलीने एका पुस्तकामुळे तिची चिडचिड कशी कमी झाली ते लिहिलं होतं आणि तिला माझ्यापेक्षा जास्त अंगठे मिळाले होते. हे इतकं क्षुल्लक आहे की लिहितानाही लाज वाटते. मी चिठ्ठी लिहिली:

‘हे पुस्तक मी केवळ वाचले नाही, पाळले. महिनाभर रोज सकाळी साधना केली. रक्तदाबाची गोळी बंद केली. आज ठणठणीत आहे. प्रत्येक रुग्णाने अवश्य वाचावे.’ खाली सही, झोकदार.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. रक्तदाबाची गोळी मी बारा वर्षं नाश्त्यानंतर घेतो. ती चिठ्ठी लिहिली त्या सकाळीही घेतली होती. अठ्ठेचाळीस अंगठे आले.

पुढच्या गुरुवारी मास्तरने ते पुस्तक नेलं.

दीड-दोन महिन्यांनी वड्याच्या गाड्यावर तो म्हणाला, “आज चहात साखर घाल रे.” मी म्हटलं, “मास्तर, लॉटरी लागली का?” तो हसला. मी विचारलं, “मेडिकलला नाही जायचं?” तर म्हणाला, “नको. आता गरज नाही.” मला वाटलं डॉक्टरांनी काही बदललं असेल. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. त्या सकाळच्या माझ्या चिठ्ठीला किती अंगठे आले ते बघण्यात मी होतो. त्याच्या हातात नेहमीची गोळ्यांची पिशवी नव्हती. हे मी पाहिलं होतं. पाहिले. हरकत नसावी.

लावणीच्या दिवसांत त्याच्या पायात खुंटी घुसली. साखरेने पाय आधीच बधिर झाले होते, दुखलं नाही. दुखत नाही म्हणजे साधना लागू पडली, असं त्याने वहिनीला सांगितलं. अंगठा काळा पडला तेव्हा त्याने अंगठ्यालाही रोज सकाळी सांगितलं, तू बरा आहेस. घरात वास यायला लागला तेव्हा वहिनीने भावाला बोलावलं आणि रिक्षात घालून त्याला सीमेपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे पाय गुडघ्याखाली काढला.

मी भेटायला गेलो ती दुपार होती. वहिनी डबा धुवायला गेली होती. मास्तर अर्ध्या पलंगात मावत होता. जाडजूड माणूस होता तो, दोन सिटांच्या मधून तिरका होऊन जायचा.

“ये साहेब,” म्हणाला. “आता मला अर्धं तिकीट.”

मला हसता आलं नाही. त्यालाच माझी दया आली असावी, कारण त्याने विषय बदलला. उशाखालून ते सूर्याचं पुस्तक काढलं. “वाच जरा. डोळ्यांपुढे धुकं आलंय. चष्मा पुसून जात नाही.”

“कुठून?”

“मधून. कुठूनही.”

मी अंदाजाने उघडलं आणि वाचायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पुस्तकाच्या मधल्या पानावर होतो. लिहिणारा बरा माणूस वाटला, समजुतीने बोलणारा. पान उलटलं. वर पहिल्याच ओळीत होतं: ‘ही साधना औषधाच्या जागी करायची नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध एक दिवसही बंद करू नका.’ खाली रेघ मारून छापलं होतं.

मी ती ओळ सोडली आणि खालच्या परिच्छेदावर गेलो.

“एक स्टॉप खाल्लास,” मास्तर डोळे मिटूनच म्हणाला.

“कुठला?”

“औषधाचा.”

“तू हे वाचलंयस?”

“दोनदा. तिकीट बघ कुठं आहे.”

त्याचं जुनं तिकीट पुस्तकाच्या शेवटच्या पानात होतं.

“मग गोळ्या कशाला बंद केल्यास मास्तर? इथे स्पष्ट लिहिलंय.”

“छापून काढायचं म्हणजे त्याला तसं लिहावंच लागतं. गाडीत पाटी नसते का, सामानाची जबाबदारी प्रवाशाची? तशातलं.” त्याने कूस बदलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. “पुस्तकवाल्याला मी ओळखत नाही. तुला ओळखतो. तू करून बघितलं होतंस. माझ्यासमोर बसून वडे हाणत होतास, ठणठणीत.”

मी पुस्तक मिटलं. आत बोट राहिलं होतं.

“तुला काहीच त्रास नाही झाला?” त्याने विचारलं.

त्या वेळी एक खरा शब्द बोलायचा होता. समोर माझा पन्नास वर्षांचा मित्र होता, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, “नाही.”

“एकेकाचं शरीर,” तो म्हणाला.

मग मला भीती वाटली की घरी गेल्यावर तो पुन्हा इंजेक्शन सोडेल. त्याला अडवायला हवं होतं आणि स्वतःचं नाकही वाचवायचं होतं. मी घाईने म्हणालो, “मी परत सुरू केलीय गोळी. तूपण घे. एक दिवस चुकवू नको.”

“कधी सुरू केलीस?”

“झाले दोन महिने.”

त्याने डोळे उघडले. मी त्याला नीट दिसत नव्हतो, तरी बघत राहिला. “मग चिठ्ठी बदलायची ना रे,” म्हणाला. ओरडला नाही. सुट्टे पैसे नसलेल्या प्रवाशाला बोलावं, तसा बोलला. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली आणि त्याने तिला सांगितलं, “साहेब छान वाचतो.”

इंजेक्शन त्याने घेतलं, शेवटपर्यंत नेमाने. पण मूत्रपिंडं तोवर गेली होती. दिवाळीनंतर तोही गेला. मधल्या गुरुवारी मी दोनदा तलासरीला जायला निघालो आणि दोन्ही वेळा चारोटीला उतरून, चहा पिऊन, उलट्या बसने परत आलो. घरी सांगितलं, झोपला होता.

दिवसकार्य झाल्यावर बाईंचा फोन आला. त्यांनी अगदी संकोचून सांगितलं की एक पुस्तक मास्तरच्या घरी राहिलंय, तुम्ही जाणार असाल तर. आणायला कुणीतरी जायला हवंच होतं. गेलो.

वहिनी अंगणात सुपात नाचणी निवडत होती. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायची सवय केव्हाच गेलेली. मला बघून तिने खाट सावलीत ओढली, पाणी दिलं. पुस्तक आतून आणून माझ्या हातात ठेवलं आणि परत सुपाशी बसली.

“भावोजी, ह्यात असं काय लिहिलंय? गोळी सोडा असं लिहिलंय?”

मी पान शोधून तिला ती ओळ वाचून दाखवली. एक दिवसही बंद करू नका.

“हे तर चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली. खडे वेचणारा हात थांबला. “मग ह्यांनी का सोडली? मी रोज भांडत होते. मला म्हणायचे, तुला काय कळतं, साहेबाने स्वतः करून बघितलंय.” तिने वर बघितलं. “तुम्ही सोडली होती गोळी?”

माझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. प्रवासाला निघालो की मी ती बरोबर ठेवतो, मी या बाबतीत फार काळजीवाहू आहे. मी ती काढून खाटेवर ठेवली. दहातल्या सात गोळ्या संपलेल्या.

“नाही वहिनी. एक दिवससुद्धा नाही.”

मग मागचा पुठ्ठा उघडला आणि माझी चिठ्ठी तिला वाचून दाखवली. चार ओळी आणि खालचं नाव. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने सुपातला एक खडा उचलला, बघितला, बाजूला टाकला.

“पुस्तक तरी वाचलं होतंत?”

“पहिली वीस पानं. आणि शेवटचं प्रकरण.”

ती रडेल असं मला वाटलं, किंवा मला हाकलेल. त्या दोन्हीची तयारी मी बसमध्ये करून आलो होतो. ती म्हणाली, “मग वाचा.”

“काय?”

“सगळं. पहिल्यापासून, मोठ्याने. त्यांनी दोनदा वाचलं. तुम्ही एकदा वाचा. मला ऐकायचंय.”

तेव्हापासून दर गुरुवारी मी तलासरीची बस धरतो. पूर्वी मास्तर ज्या बसने यायचा तिच्या उलट बाजूची. पाड्याच्या फाट्यावर उतरून चालत जातो. खाट सावलीत असते, पुस्तक खाटेवर असतं. पाणी मिळतं. पूर्वी या अंगणात मी पोचायच्या आधी आधण चढायचं, आता चहा येत नाही आणि मीही मागत नाही. वहिनी काही ना काही निवडत असते. मध्ये बोलत नाही. पान उलटताना दोन उलटली गेली तर तिला कळतं. कसं कळतं ते मी विचारलेलं नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ग्रुपवर काही टाकलं नाही. पुस्तक माझ्या नावावर करून घेतलं आणि म्हणाल्या की ते परत आल्याशिवाय, नवी चिठ्ठी लिहिल्याशिवाय दुसरं मिळणार नाही. नियम नियम आहे. जुनी चिठ्ठी मी काढायला गेलो होतो, वहिनीने हात धरला. राहू द्या, म्हणाली.

पुस्तकाविषयी माझं मत विचाराल तर ते वाईट नाही. थोडं पाल्हाळ आहे, सूर्य फार वेळा उगवतो, आणि बरे झालेल्यांच्या गोष्टीत न बरा झालेला एकही नाही. पण लिहिणाऱ्याने जे सांगायला हवं ते ठळक सांगितलं आहे, जागच्या जागी.

गेल्या गुरुवारी आम्ही त्या पानावर पोचलो. मी ओळ वाचली.

“परत वाचा,” वहिनी म्हणाली.

मी परत वाचली.

“परत.”

तिसऱ्यांदा वाचली. चौथ्यांदा तिने सांगितलं नाही, मीच वाचली. तेव्हा ती सूप उचलून आत गेली. चुलीशी भांडं वाजलं, पण ते चहाचं नव्हतं. मी पान उलटलं, एकच आहे ना ते बोटांनी चाचपून बघितलं, आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात पुढे वाचायला लागलो.